अहवालात ‘असावा’, भाषणात ‘आहे’ : मधे नेमकं काय होतं?

टेरीवाला, अक्कलकोट रोड

नमस्कार मंडळी. विषय सोलापूरपासून फार लांबचा वाटेल, पण माझ्या कारखान्याच्या दारापर्यंत येऊन गेलाय म्हणून विचारतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे टेरी टॉवेलचे बारा माग आहेत. वडिलांनी पूर्व भागात चार मागांवर सुरुवात केली होती. माल एका निर्यातदारामार्फत आखातात जातो, हॉटेलांना लागणारे पांढरे टॉवेल. २०२५ च्या जूनची १३ तारीख मला पाठ आहे. त्या दिवशी इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इकडे माझ्या चाळीस गाठी शिलाई होऊन, बांधून तयार होत्या. निर्यातदाराचा फोन आला, “माल सोडू नका, पुढचं बघू.” ते पुढचं बघायला तीन आठवडे गेले. गाठी शेडमध्ये, पैसे अडकलेले, आणि कांड्या भरणाऱ्या बायकांचा पगार दर आठवड्याला द्यायचाच. तो मी दिला, पण सुताचं बिल राहिलं.

त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत बातम्या बघत बसायचो. जे ऐकलं ते अजून डोक्यात फिरतंय. अमेरिकेच्या सगळ्या गुप्तचर यंत्रणांच्या प्रमुख तुलसी गबार्ड यांनी २५ मार्चला सिनेटच्या समितीपुढे सांगितलं होतं की इराण अण्वस्त्र बनवत नाही असाच आमचा अंदाज आहे, आणि २००३ साली थांबवलेला कार्यक्रम पुन्हा सुरू करायला इराणचे तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनी यांनी परवानगी दिलेली नाही. १७ जूनला पत्रकारांनी ट्रम्प यांना हेच विचारलं तर ते म्हणाले, ती काय म्हणाली याची मला पर्वा नाही, इराण बॉम्बच्या अगदी जवळ पोचला होता. २२ जूनला फोर्डो, नतान्झ आणि इस्फहानच्या अणुकेंद्रांवर अमेरिकेने बॉम्ब टाकले.

माझा प्रश्न सरळ आहे. हेर खातं एक सांगतं आणि राष्ट्राध्यक्ष दुसरं, तर खोटं कोण बोलतंय? की दोघंही खरं बोलतायत आणि मलाच कळंना? कोणता पक्ष चांगला, कोणता देश वाईट ह्याच्यावर भांडण नको. गुप्त अहवालातलं वाक्य नेत्याच्या तोंडात येईपर्यंत त्याचं काय होतं, एवढंच कुणी समजावून सांगेल का?

सात रस्ता

अण्णा, ह्यात समजण्यासारखं काय आहे? ज्याला लढाई करायची आहे तो आधी ठरवतो आणि कारण मागनं शोधतो. इराकमध्ये २००३ ला तेच झालं. महासंहारक अस्त्रं आहेत म्हणून आत घुसले, साठा कुठेच सापडला नाही. माझा मामेभाऊ तेव्हा कुवेतला कामाला होता, परत यायचं तिकीट मिळेना. अहवाल वगैरे आपल्यासारख्यांची समजूत घालायला असतात. तुम्ही तुमच्या मालाचा विमा काढा आणि शांत झोपा.

निवृत्त मंडळ अधिकारी

टेरीवाला, सात रस्त्याच्या भाऊंचं म्हणणं मला निम्मं पटतं. उरलेल्या निम्म्यासाठी लिहितो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. अणुबॉम्बशी माझा संबंध वाचनापुरता. पण अंदाज कसा बांधतात आणि तो वर वर जाताना त्याचं काय होतं, हे काम मी तीस वर्षं हाताने केलेलं आहे. त्या कामाचं नाव पैसेवारी.

शेतकऱ्यांना सांगायला नको, पण शहरातल्यांसाठी सांगतो. गावातलं पीक चांगल्या वर्षाच्या मानाने किती आलं हे पैशांत मोजायचं. पन्नास पैशांच्या आत आलं की टंचाईच्या सवलती. जमीन महसुलात सूट, कर्जवसुली थांबते, पोरांची परीक्षा फी माफ होते. पन्नासच्या वर राहिलं की हात हलवत परत. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग पीक कापणीचे प्रयोग झाल्यावर अंतिम. नजर पैसेवारी म्हणजे नावाप्रमाणेच, बांधावर उभं राहून डोळ्यांनी.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी बघून मी मनात म्हणायचो, पाऊस झाला तर पंचावन्न, नाही झाला तर पंचेचाळीस. कागदाच्या रकान्यात मात्र एकच आकडा मावतो. मी ४८ लिहायचो आणि शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात बाकीचं, “पुढील पंधरवड्यात पाऊस झाल्यास वाढ संभवते.” तालुक्याला सगळ्या गावांचा गोषवारा करताना शेऱ्याचा रकाना वगळला जायचा, कारण यादी रुंद होते. जिल्ह्याला गेली ती नुसती ४८. आणि एका सभेत मी मागे उभा असताना एका पुढाऱ्याने माईकवर सांगितलं, “निम्म्याहून जास्त पीक बुडालंय, हे सरकारी अहवालानेच सिद्ध झालंय!”

आता मला सांगा, ह्यात खोटं कोण बोललं? माझा आकडा प्रामाणिक होता. कारकुनाने नक्कल बरोबर केली. पुढाऱ्याने यादीतलाच आकडा वाचला. ‘संभवते’ तेवढं वाटेत गळालं आणि ‘सिद्ध’ हा शब्द माईकसमोर तयार झाला.

आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ म्हणतात. नारायणराव पेशव्यांच्या वेळी ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं अशी गोष्ट. त्यात कुणीतरी मुद्दाम अक्षर बदललं होतं. मी बघितलेल्या कागदांत अक्षर कुणीच बदलत नव्हतं. ‘असावा’ आणि ‘आहे’ यांच्यातलं अंतर दर पायरीला थोडं थोडं कमी होत जायचं.

अमेरिकेच्या हेर खात्यात हे दुखणं फार जुनं आहे. शर्मन केंट नावाचा माणूस सीआयएमध्ये राष्ट्रीय अंदाज, म्हणजे सगळ्या हेर यंत्रणांचं मिळून एक मत, तयार करणारा विभाग बघायचा. १९५१ साली त्यांनी युगोस्लाव्हियावर अंदाज लिहिला की यंदा तिथे रशियाच्या बाजूच्या देशांकडून हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ मानावी. परराष्ट्र खात्यातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याने नंतर केंटला सहज विचारलं, गंभीर म्हणजे किती? केंट म्हणाला, माझ्या मते हल्ला होण्याच्या बाजूने शंभरात पासष्ट. तो अधिकारी दचकला, त्याने ते फारच कमी धरलं होतं. मग केंटने आपल्याच मंडळातल्या लोकांना एकेकाला विचारलं. ज्यांनी एकत्र बसून त्या वाक्याला मान्यता दिली होती, त्यांच्यात कुणाच्या मनात शंभरात वीस होते आणि कुणाच्या मनात ऐंशी! पुढे १९६४ मध्ये केंटने यावर लेख लिहिला आणि कोणता शब्द म्हणजे किती टक्के हे ठरवून द्यायचा प्रयत्न केला. ‘जवळजवळ नक्की’ म्हणजे ९३, ‘संभाव्य’ म्हणजे ७५, असं. मी तो तक्ता वाचला तेव्हा वाटलं, हा माणूस आमच्या तहसीलमध्ये हवा होता.

आता इराक. सात रस्त्याच्या भाऊंचं निम्मं इथे बरोबर आहे, पण क्रम नीट बघा. २६ ऑगस्ट २००२ ला उपराष्ट्राध्यक्ष चेनी जाहीर सभेत म्हणाले, सद्दामकडे महासंहारक अस्त्रं आहेत यात शंका नाही. ८ सप्टेंबरला राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलीझा राइस टीव्हीवर म्हणाल्या की पुराव्याची वाट बघताना तो पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपात यायला नको. या दोन्ही वेळेला इराकच्या शस्त्रांवरचा राष्ट्रीय अंदाज लिहिलेलाच नव्हता! तो सिनेटने मागितला सप्टेंबरात आणि घाईघाईने तयार झाला ऑक्टोबरात. म्हणजे सभेत आधी जाहीर झालं आणि नजर पैसेवारी नंतर निघाली. अशा वेळी बांधावर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसतं, हे मला विचारा.

त्यातली ॲल्युमिनियमच्या नळ्यांची गोष्ट मी कधी विसरणार नाही. इराक साठ हजार नळ्या विकत घ्यायला बघत होता. सीआयए म्हणाली, युरेनियम शुद्ध करणाऱ्या सेंट्रीफ्यूजसाठी. ऊर्जा खात्यातले लोक, ज्यांचं आयुष्य सेंट्रीफ्यूजमध्ये गेलं, ते म्हणाले की ह्या मापाच्या नळ्या ८१ मिलिमीटरच्या साध्या रॉकेटला लागतात. परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर शाखेनेही असहमती लिहून दिली. ही असहमती गुप्त अहवालात छापली गेली. म्हणजे शेरा होता! पण त्याच महिन्यात लोकांसाठी जी पांढरी पुस्तिका काढली, तिच्यात ‘आमच्या अंदाजाप्रमाणे’ हे शब्द ठिकठिकाणी गळाले आणि कोणत्या खात्याने नकार दिला हेही गेलं. हे मी मनाचं सांगत नाही, सिनेटच्या समितीनेच २००४ मध्ये तसं नोंदवलं.

इराक आफ्रिकेतल्या नायजरकडून युरेनियम मिळवायला बघतोय, ह्या दाव्याचंही तेच. राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या ऑक्टोबर २००२ च्या भाषणातून सीआयएच्या प्रमुखांनी तो काढायला लावला. तोच दावा २८ जानेवारी २००३ च्या भाषणात परत आला, ह्या वेळी ब्रिटिश सरकारच्या नावावर, इंग्रजीत मोजून सोळा शब्द. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख एल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की त्यामागची कागदपत्रं अस्सल नाहीत. २० मार्चला युद्ध सुरू झालं. नंतर शोधपथकाने सगळा इराक पालथा घातला आणि २००४ च्या अहवालात लिहिलं की अण्वस्त्रांचा कार्यक्रम १९९१ लाच संपला होता.

त्या वर्षी आमच्याकडे दुष्काळ होता. दिवसभर छावणीतल्या जनावरांची मोजणी करायची आणि रात्री रेडिओवर बगदाद ऐकायचं. त्यामुळे दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र शिवल्या गेल्यात.

जुळे सोलापूरची बाई

काका, पैसेवारीचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. माझे वडील तुमच्याच त्या मंगळवेढ्याकडच्या रानातले शेतकरी. ते ‘४८’ आमच्या घरात सणासारखं साजरं झालेलं मला आठवतंय, माझी बारावीची फी तेव्हा माफ झाली होती.

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. एका ठिकाणी मला भर घालायची आहे. तुमच्या सांगण्यावरून असं वाटेल की अहवाल नेहमी सावध असतो आणि नेताच त्याला ताणतो. २००७ मध्ये उलटं झालं, आणि मला तो प्रसंग इराकपेक्षा जास्त शिकवण्यासारखा वाटतो.

१७ ऑक्टोबर २००७ ला बुश म्हणाले की तिसरं महायुद्ध टाळायचं असेल तर इराणला अण्वस्त्र बनवण्याचं ज्ञान मिळू देता कामा नये. वर्गात मी मुलांना हे वाक्य फळ्यावर लिहून देते आणि विचारते, यातला विचित्र शब्द कोणता? बहुतेक जण ‘महायुद्ध’ म्हणतात. मी ‘ज्ञान’खाली रेघ मारते. अण्वस्त्र मिळू देऊ नका असं म्हणणं आणि त्याचं ज्ञान मिळू देऊ नका असं म्हणणं यात केवढा फरक आहे. ऑगस्टमध्येच गुप्तचर प्रमुखांनी बुश यांना सांगितलं होतं की इराणबद्दल काही नवी माहिती हाती आली आहे आणि तिची छाननी चालू आहे. त्या शब्दामागे हेच कारण होतं का, हे मी ठामपणे सांगत नाही. पण माहिती बदलत असताना भाषणातलं नाम बदललेलं आहे आणि भाषणाचा आवाज तेवढाच चढा राहिलेला आहे, हे मुलांना दिसतं.

मग ३ डिसेंबरला इराणवरच्या राष्ट्रीय अंदाजाचे मुख्य निष्कर्ष जाहीर केले. पहिलंच वाक्य की इराणने २००३ च्या शरद ऋतूत अण्वस्त्र कार्यक्रम थांबवला असं आम्ही ‘मोठ्या खात्रीने’ मानतो. जगभर मथळे तेवढ्यावरच झाले. आणि त्या वाक्याला एक तळटीप होती! तळटीप सांगत होती की ‘अण्वस्त्र कार्यक्रम’ म्हणजे आम्ही बॉम्बचा आराखडा, जुळणी आणि चोरून केलेलं युरेनियमचं काम एवढंच धरतोय, इराणने जाहीर केलेलं शुद्धीकरण यात धरलेलं नाही. आता युरेनियम शुद्ध करणं हीच तर सगळ्यात अवघड पायरी, आणि ती नतान्झला उघडपणे चालूच होती. पुढेच असंही लिहिलं होतं की इराण हा पर्याय किमान खुला ठेवतोय, पण ते कुणी वाचलं? इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी तो इराणचा विजय म्हणून जाहीर केला. बुश यांनी नंतर आपल्या आठवणींत लिहिलं की या अंदाजाने लष्करी कारवाईच्या बाबतीत त्यांचे हात बांधले गेले.

म्हणजे काका, तुमचा शेरा इथे तळटीप होऊन खाली गेला. ह्या वेळी तो गाळला अहवाल लिहिणाऱ्यांच्या मांडणीने आणि वर्तमानपत्रांच्या घाईने.

त्याच वर्षी सीरियात अल किबरला उत्तर कोरियाच्या मदतीने बांधलेली अणुभट्टी सापडली. अमेरिकेच्या यंत्रणा म्हणाल्या, ही अणुभट्टी आहे याची मोठी खात्री, पण ती अण्वस्त्र कार्यक्रमाचा भाग आहे याची खात्री कमी, कारण इंधनावर पुढची प्रक्रिया करणारा कारखाना दिसत नाही. ‘कमी खात्री’ ह्या दोन शब्दांवर बुश यांनी स्वतः हल्ला करायला नकार दिला. इस्रायलने ६ सप्टेंबरला तो केला. इराकनंतर चारच वर्षांत एका शेऱ्याला एवढं वजन आलेलं होतं.

आणि आपल्या शेजारचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. १९८५ च्या प्रेस्लर दुरुस्तीप्रमाणे पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही असं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी लिहून द्यायचं होतं, तरच मदत चालू. १९८७ मध्ये पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांनी भारतीय पत्रकार कुलदीप नय्यर यांना मुलाखतीत जवळजवळ कबुलीच दिली. तरीही १९८९ पर्यंत दरवर्षी तो दाखला निघत राहिला. अफगाणिस्तानात रशियन होते, पाकिस्तान लागत होता. रशियन १९८९ च्या फेब्रुवारीत गेले आणि १९९० च्या ऑक्टोबरात दाखला द्यायला नकार आला. कहुट्यातला युरेनियम शुद्ध करणारा कारखाना तोच होता! मला याचा आजही राग येतो, कारण त्या वर्षांत भारत जे सांगत होता ते ऐकायला कुणी तयार नव्हतं.

विडी घरकुल

बाई, मग आपल्या सरकारचे असे अंदाज कुठे वाचायला मिळतात? मी स्पर्धा परीक्षा देतोय, अमेरिकेचंच सगळं वाचायला मिळतं.

जुळे सोलापूरची बाई

मिळत नाहीत, बाळा. रॉ आणि आयबी माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ प्रमाणे बहुतेक सगळ्या बाबतीत बाहेर आहेत, आणि असे अंदाज प्रसिद्ध करायची पद्धत आपल्याकडे नाही. जे वाचता येतं ते घटना घडून गेल्यावरचं, उदाहरणार्थ कारगिल समितीचा अहवाल, तोही काही भाग वगळून. १९९८ च्या मे महिन्यात आधी संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस चीनला सगळ्यात मोठा संभाव्य धोका म्हणाले, मग ११ आणि १३ तारखेला पोखरण झालं, मग वाजपेयींचं क्लिंटन यांना लिहिलेलं पत्र अमेरिकन वर्तमानपत्रात आलं, त्यात सीमेवरच्या अण्वस्त्रधारी शेजाऱ्याचा उल्लेख. आपल्याकडे भाषण आणि पत्र वाचता येतं, त्यामागचा कागद नाही. अमेरिकेवर मी इतकं लिहिते ते त्यांचे कागद बाहेर येतात म्हणून. आपले आले असते तर आधी आपले शिकवले असते.

टेरीवाला, अक्कलकोट रोड

बाई, काका, मी हे दोनदा वाचलं. कारखान्यात जाबरलाही वाचून दाखवलं, त्याचा पोरगा मस्कतला आहे.

तरी एक अडतंय. गबार्डबाईंचं मार्चचं वाक्य आणि ट्रम्प यांचं जूनचं वाक्य, यात शेरा कुठे गळाला? एक म्हणतं बनवत नाही, दुसरं म्हणतं बनवल्यात जमा. ही दोन टोकं आहेत ना? आणि हल्ल्यानंतर परत तेच, एक म्हणतं सगळं उद्ध्वस्त, दुसरं म्हणतं काही महिन्यांचंच नुकसान.

निवृत्त मंडळ अधिकारी

टेरीवाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर रानात आहे.

जूनमध्ये एखाद्या गड्याने रान नांगरून, कुळवून, सरी पाडून ठेवलंय. बी आणून घरात ठेवलंय, पाभर झाडाखाली आहे. मी पीकपाहणीला गेलो तर काय लिहू? पेरणी नाही. हे शंभर टक्के खरं. आणि कुणी म्हणालं की हा माणूस पेरणीपासून एका दिवसावर आहे, तर तेही खरं. पहिलं वाक्य त्याने काय केलंय याबद्दल, दुसरं तो काय करू शकतो याबद्दल. तो पेरणार का, हे तिसरंच. ते त्याच्या मनात.

मार्चमध्ये गबार्ड यांनी दोन्ही सांगितलं होतं. बनवत नाही, हे एक. आणि त्याच साक्षीत हेही, की अण्वस्त्र नसलेल्या कुठल्याही देशाकडे कधी नव्हता एवढा शुद्ध युरेनियमचा साठा इराणकडे आहे. अणुऊर्जा संस्थेने मे महिन्याच्या अखेरीस आकडा दिला, ६० टक्के शुद्धतेचं ४०८.६ किलो. इराणशी झालेल्या २०१५ च्या अणुकरारात मर्यादा होती ३.६७ टक्के आणि ३०० किलो. अमेरिका २०१८ मध्ये करारातून बाहेर पडली आणि त्यानंतर इराण पायरी पायरीने वर चढत गेला. बॉम्बला साधारण ९० टक्के लागतं, पण ६० पर्यंत आणलं की शुद्धीकरणाची बहुतेक मेहनत झालेली असते. त्या संस्थेच्या मापाने ६० टक्क्यांचं सुमारे ४२ किलो आणखी शुद्ध केलं तर एका बॉम्बपुरतं होऊ शकतं. म्हणजे नऊ बॉम्बांपुरतं रान कुळवून तयार होतं आणि पेरल्याचा पुरावा नव्हता. २० जूनला त्याच गबार्ड यांनी लिहिलं की इराणने ठरवलं तर काही आठवड्यांत ते महिन्यांत अण्वस्त्र तयार करू शकतो. ‘ठरवलं तर’. शेरा तो आहे. भाषणात तो राहिला नाही.

हल्ल्यानंतरचं तर नजर पैसेवारीच. २१-२२ जूनच्या रात्री बॉम्ब पडले, २४ तारखेला संरक्षण गुप्तचर यंत्रणेचा पहिला अंदाज फुटला, इराणचा कार्यक्रम काही महिन्यांनीच मागे गेलाय. त्यावर ‘कमी खात्री’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. राष्ट्राध्यक्ष आधीच पूर्ण उद्ध्वस्त म्हणून बसले होते, डोंगराखालच्या फोर्डोत कुणी उतरूनही बघितलेलं नसताना. सीआयएच्या प्रमुखांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, जबर नुकसान आहे, उभारायला वर्षं लागतील. दोन्ही बाजूंनी आपल्याला सोयीचा आकडा उचलला आणि शेरा खाली ठेवला. ऑगस्टमध्ये त्या संरक्षण गुप्तचर यंत्रणेच्या प्रमुखांना पदावरून काढलं. ती बातमी वाचून मला त्या रात्री झोप आली नाही, आणि त्याचं कारण इथे सांगतो, कारण बाईंच्या फीचं वाचल्यापासून ते आत खुपतंय.

एका वर्षी सभेत आधीच जाहीर झालं होतं की आपल्या भागाला सवलती मिळणार. माझ्या मंडळातल्या चार गावांत पीक बरं होतं. कापणी प्रयोगात ५३ आले. एका वरिष्ठांनी बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. चहा पाजला आणि म्हणाले, “तुमच्या चार गावांपायी सगळी यादी अडलीय. परत एकदा बघून या.” मी परत गेलो. त्याच रानात उभा राहिलो आणि ४९ लिहिले. माझ्यावर कुणी जोर केला असं मी म्हणू शकत नाही. शेतकऱ्यांचं भलं होणार होतं, असं मनाला सांगितलं, आणि ते झालंही. बाई, तुमची ती ४८ खरी होती, ती मी स्वतः बघून लिहिली होती, एवढं तुम्हाला सांगावंसं वाटतं.

दोन वर्षांनी त्याच चार गावांत खरोखर काही आलं नाही. ज्वारी गुडघ्याएवढीही झाली नाही. मी २२ पैसे लिहिले आणि शेऱ्याचा रकाना भरून मागच्या पानावर गेलो. बाहेरून पाहणीचं पथक आलं. त्यांच्याकडे मागच्या सगळ्या वर्षांचे आकडे होते, आणि शेजारच्या मंडळांशी माझे ४९ जुळत नव्हते हे त्यांना दिसलं होतं. पथकातल्या साहेबांनी माझा कागद घडी घालून फाईलमध्ये ठेवला, वाचला नाही. म्हणाले, “गाडी काढा, रान बघू.” ते चारही गावं स्वतः फिरले. त्यात अकरा दिवस गेले, आणि चारा छावणी अकरा दिवस उशिरा सुरू झाली.